पाणमांजरं, ट्रेल कॅमेरा आणि माझं रिकामं कार्ड

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी गोव्यात मांडवीतल्या चोडण बेटावर, खाजणात (म्हणजे भरतीचं पाणी अडवायला बांध घातलेल्या सखल जमिनीत) पाणमांजरांसाठी ट्रेल कॅमेरे, म्हणजे समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावले होते. पहिल्या पाच आठवड्यांत काय मिळालं सांगू? कुत्री, बगळे, एक मुंगूस आणि वाऱ्यावर हलणाऱ्या गवताचे हजारो फोटो. पाणमांजर शून्य. आणि तिकडे बांधावर रोज ताजी विष्ठा, माशांच्या खवल्यांनी भरलेली, वास असा की लांबूनच कळायचं रात्री येऊन गेलीत. रडायचीच बाकी होते.

परमिशन, बॅटऱ्या, सिलिका जेल वगैरे तुम्हाला माहीत असेलच, त्यात जात नाही. मी जिथे आपटले तेवढंच नीट सांगते. कॅमेऱ्याचा सेन्सर प्राणी बघतच नाही, तो उष्णता बघतो, तीही हलणारी आणि आजूबाजूपेक्षा वेगळी. आता पाणमांजराची फर एवढी दाट की आतल्या केसांत हवा अडकून राहते, पाणी कातडीपर्यंत पोचत नाही आणि अंगातली ऊबही बाहेर येत नाही. वरून अंग ओलंगच्च. म्हणजे नुकतंच बाहेर आलेलं पाणमांजर सेन्सरच्या लेखी जवळजवळ पाण्याइतकंच थंड. आणि मी शहाणी, सगळे कॅमेरे मानशीपाशी (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार), ती पाण्यातून वर चढतात बरोब्बर तिथेच रोखलेले! परत सांगते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं: कार्ड रिकामं म्हणजे जागा रिकामी नाही. उन्हात तापलेलं गवत हललं की खटाखट फोटो, आणि समोरून अख्खं कुटुंब गेलं तरी कॅमेरा ढिम्म.

माझे सर कार्ड न बघताच "जागा बदल" म्हणाले होते. गाइड नावाजलेला नसला तरी चालेल, चिखलात उतरणारा हवा, हे माझं ठाम मत. मला वाट दाखवली ती मानशीवर मासे धरणाऱ्या काकांनी, "अगो बाय, पाण्याकडे काय बघतेस, ती लोळतात तिथे वर बघ." वर बांधावर गवत दबलेलं होतं. तिथे ती अंग घासून कोरडी होतात, बराच वेळ थांबतात, म्हणून सेन्सरला चान्स मिळतो. कॅमेरा गुडघ्याच्या खाली, दोन-अडीच मीटरवर, आणि वाट फ्रेममधून आडवी जाईल असा लावा, सरळ अंगावर चालत येणारा प्राणी सेन्सरला उशिरा कळतो. शिवाय पहाटे दर मिनिटाला एक फोटो असा टाइमलॅप्स पण ठेवा, तो सेन्सरवर अवलंबून नसतो.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कुठवर चढतं ते मात्र आधी बघून या. माझा एक कॅमेरा त्यातच गेला, जाऊ दे.

मासे टाकून बोलावायचा शॉर्टकट कोणीतरी सुचवेलच. प्लीज नको, माणसाच्या वासाला मासे जोडले गेले की उद्या ती जाळ्यांपाशी जाऊन मार खातील. आणि इन्स्टावर लोकेशन टाकू नका, या पाणमांजरांना २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात घालावं लागलं ते उगाच नाही, पिल्लं पाळायला विकली जातात.

घाबरू नका पण, येतात ती. सहाव्या आठवड्यात पहाटे ५:५२ ची क्लिप: पाच जणं पाठी घासतायत, एक पिल्लू थेट कॅमेऱ्यापाशी येतं, लेन्सला नाक लावतं आणि पुढचे बारा सेकंद नुसती वाफ. मी ती चाळीसेक वेळा बघितली. सरांनी रिपोर्टमधून काढायला लावली, धूसर आहे म्हणून.