हृदयाच्या गोळीचं जेनेरिक घेताना पट्टीवरची बारीक ओळ वाचा

ब्रँडचं ठळक नाव सोडा. त्याखाली बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघा: औषधाचं मूळ नाव, त्याचा क्षार (मूळ औषध ज्या पदार्थाशी जोडलेलं असतं तो, जसं टार्ट्रेट किंवा सक्सिनेट), गोळी विरघळायची पद्धत आणि मात्रा. यातली एखादी गोष्टही जुळत नसेल तर पट्टी परत करा; आकडा वेगळा असूनही चालतो असे अपवाद पुढे दिले आहेत.

मेटोप्रोलॉलचंच बघा. टार्ट्रेट लवकर विरघळतं, म्हणून ते बहुधा दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. सक्सिनेटची लाँग-अ‍ॅक्टिंग गोळी दिवसभर हळूहळू सुटते, एकदाच पुरते. शिवाय हार्ट फेल्युअरमध्ये आयुष्य वाढवण्याचा भक्कम पुरावा सक्सिनेटचा आहे. त्यामुळे ‘दोन्ही मेटोप्रोलॉलच’ हे उत्तर इथे चालत नाही. उलट, चिठ्ठीत ५० आणि पट्टीवर ४७.५ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. ४७.५ मिग्रॅ सक्सिनेट म्हणजे ५० मिग्रॅ टार्ट्रेटच्या तोडीचं. कोणी पहिला आकडा छापतं, कोणी दुसरा.

पेरिंडोप्रिलचंही तसंच: अर्ब्युमिन ४ मिग्रॅ आणि आर्जिनिन ५ मिग्रॅ सारखेच. पण अ‍ॅम्लोडिपिन ५ च्या जागी एस-अ‍ॅम्लोडिपिन (अ‍ॅम्लोडिपिनचा फक्त परिणामकारक भाग) ५ आलं, तर परिणाम जवळपास दुप्पट होतो, कारण त्याची बरोबरीची मात्रा २.५ आहे. आकडा सारखा दिसतो म्हणूनच ही चूक नजरेतून सुटते.

नावापुढची एसआर, एक्सएल, ईआर ही अक्षरंही सोडू नका; गोळी हळूहळू सुटणारी आहे, असा त्यांचा अर्थ. निफेडिपिन आणि डिल्टियाझेमच्या लाँग-अ‍ॅक्टिंग गोळ्या प्रत्येक कंपनी वेगळ्या तंत्राने बनवते. त्या परस्पर बदलू नयेत. अशी गोळी चुरली किंवा चावली तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. मध्ये रेघ असेल आणि माहितीपत्रकात तसं लिहिलं असेल, तरच अर्धी करा. निफेडिपिनच्या काही गोळ्यांचं रिकामं कवच शौचातून बाहेर पडतं. औषध पोटातच सुटलेलं असतं.

‘जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी चालतं’ हा मोठा गैरसमज. जेनेरिकला मान्यता देताना पाहिली जाणारी ८० ते १२५ टक्क्यांची मर्यादा गोळीतल्या औषधाच्या प्रमाणाला नसते. रक्तातल्या पातळीची मूळ औषधाशी तुलना केल्यावर येणाऱ्या गुणोत्तराचं ९० टक्के विश्वासांतर (खरा आकडा ज्या टप्प्यात असावा असा अंदाज असतो, तो टप्पा) त्या चौकटीत पूर्ण बसावं लागतं. त्यामुळे सरासरीतला फरक प्रत्यक्षात बहुधा बराच कमी असतो.

तरी वॉर्फरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध) आणि डिगॉक्सिन (हृदयाचे ठोके आवरणारं औषध) एकाच कंपनीचं घेत राहिलेलं बरं, कारण यांत पुरेशी मात्रा आणि घातक मात्रा यांतलं अंतर थोडं असतं. वॉर्फरिनची कंपनी बदललीच तर डॉक्टरांना कळवा आणि आठवडा-दोन आठवड्यांत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. डिगॉक्सिनमध्ये ०.१२५ आणि ०.२५ मिग्रॅची गल्लत सहज होते. मळमळ, पिवळसर दिसणं, नाडी मंदावणं हे इशारे समजा.

नवी पट्टी आली की जुनी डब्यातून काढून ठेवा. नावं वेगळी म्हणून एकच औषध दोनदा घेतलं जातं, विशेषतः गोळ्या दुसरं कोणी भरून देत असेल तेव्हा. खोक्यावर कंपनीचं नाव आणि बदल केल्याची तारीख लिहा. पुढचे दोन आठवडे रोज ठरावीक वेळी रक्तदाब आणि नाडी नोंदवा. नवी गोळी मानवली नाही तरी मेटोप्रोलॉल मनाने एकदम बंद करू नका, छातीतलं दुखणं उफाळू शकतं. नोंदी घेऊन डॉक्टरांशी बोला आणि पूर्वीच्या कंपनीची गोळी पुन्हा मागून घ्या.