घुमटाचा ठेका मागे पडत होता

चवथीआधी फोंड्याच्या घरी लॅपटॉपवर एक धून रचत होतो. घुमटाचा (गोव्याचं मातीचं तालवाद्य) ठेका लॅपटॉपला जोडलेल्या पॅडवर वाजवायचो, पण आवाज बोटामागून रेंगाळत यायचा. वाटलं, आपलाच हात कच्चा! (बायकोचंही तेच मत.) मुख्य दोष निघाला ब्लूटूथ हेडफोनचा. वायरवाला लावला, बरंचसं दुखणं गेलं. मग सेटिंगमध्ये बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप साठवतो तो तुकडा) पाहिला: १०२४ सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या दराने एवढ्यातच २३ मिलिसेकंद जातात. १२८ केला, ३ वर आलं. तर आता आवाज तडतडायला लागला, प्रोसेसरला झेपेना. तयार झालेले तंबोऱ्याचे, व्हायोलिनचे ट्रॅक फ्रीझ केले (म्हणजे तयार आवाजाची फाइल करून ठेवली, प्रोसेसरचं ओझं कमी), तडतड थांबली. मिक्सिंगला बसलो की बफर परत १०२४, तेव्हा काही वाजवायचं नसतं. खरं घुमट माइकवर घ्यायचं ते मात्र पाऊस उघडल्यावर. पत्र्यावर सध्या धो धो चालू आहे.