वस्तीवर्गातल्या पोरांची नावं शाळेच्या पटावर कशी लावायची

वस्तीत वर्ग काढणं त्यामानानं सोपं, एक खोली, सतरंजी, फळा झाला की पोरं येतातच. पण नाव पटावर नसेल तर ते पोर सरकारी हिशोबात शाळाबाह्यच, पुस्तकं नाहीत, खिचडी नाही, पुढं दाखला नाही. म्हणून मी सांगेन, पहिल्या दिवसापासून डोक्यात शाळाच ठेवा.

आधी घरोघर फिरा, तेही नळाला पाणी येतं त्या वेळेला, तेव्हा बाया घरी असतात आणि पोरंपण हंडे घेऊन रांगेतच असतात. वहीत नाव, अंदाजे वय, गावाकडं कितवीत होतं, घरी भाषा कुठली, आणि दिवसा धाकट्यांना कोण सांभाळतं हे लिहाच. आमच्याकडं एक नऊ वर्षांची पोरगी कडेवर भाऊ घेऊनच यायची, तो रडला की ही उठून बाहेर, अक्षरं काही पुढं सरकेनात. मग कोपऱ्यात एक गोधडी टाकली, चार डबे-झाकणं ठेवली, बाळ तिथं रमलं आणि ती तीन महिन्यात जोडाक्षरं वाचायला लागली. अशा घरी आधी बाळाची सोय बघा, अंगणवाडी ताईंशी बोला, नाहीतर प्रवेश होऊनही पोरगी घरीच राहते.

आता कागद. आम्हाला एका शाळेतून जन्मदाखला नाही म्हणून दोनदा परत पाठवलं होतं, फार वाईट वाटलं, कारण त्या आईनं दोन्ही दिवस रोजगार बुडवलेला. तर हे पाठ करून जा: शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलासाठी. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४), अंगणवाडीची किंवा दवाखान्याची नोंद चालते, तीही नसेल तर आईवडलांनी वय लिहून द्यायचं. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी थांबवता येत नाही. वर्ष अर्धं झालं असलं तरी घ्यावंच लागतं. आणि दहा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवू देऊ नका, कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्ग मिळतो आणि मागं राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणही.

तोंडी नकार घेऊन परत फिरू नका. अर्जाच्या दोन कॉप्या न्या, एकीवर पोच घ्या, मुंबईत असाल तर नंतर वॉर्डातल्या प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांच्याकडं जा.

माध्यम आईला विचारून ठरवा, मुंबईत पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ, कन्नड अशा बऱ्याच भाषांत आहेत. पण वाटेत हायवे लागतो का ते स्वतः चालून बघा.

नाव लागलं की वर्ग बंद करायचा नाही, फक्त वेळ बदलायची, शाळा सकाळची तर वर्ग दुपारी. आणि पहिला महिनाभर सगळ्या पोरांना एकत्र घेऊन गेटपर्यंत सोडायला जा.