आधी पेशींविना प्लेट लावा

एमएस्सीच्या डेझर्टेशनला ‘ताणाखालच्या किडनीच्या पेशी आणि वनस्पतीजन्य अँटिऑक्सिडंट’ असा विषय मिळालाय? मी पुण्यात याच कामात पीएचडी करते आहे. लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते.

सेल लाइनसाठी (लॅबमध्ये सतत वाढवता येणाऱ्या पेशी) लांब जायला नको. पुणे विद्यापीठाच्या आवारातच एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, तिथल्या रिपॉझिटरीत चौकशी करा. एचईके-२९३ ही सेल लाइन भराभर वाढते, पण ती भ्रूणाच्या किडनीतून काढलेली आहे आणि तिच्यात चेतापेशींचे गुण दिसतात. एचके-२ प्रौढ माणसाच्या प्रॉक्सिमल ट्युब्युलची, म्हणजे किडनीतल्या सूक्ष्म नळीच्या सुरुवातीच्या भागाची. सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधाचा मार खऱ्या किडनीत मुख्यतः याच भागाला बसतो, म्हणून गाइडकडे एचके-२ चा आग्रह धरा.

आता महत्त्वाचं. किती पेशी जिवंत आहेत हे मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगाचं जांभळं फॉर्मझॅन करतात आणि आपण ५७० नॅनोमीटरला रीडिंग घेतो. क्वेर्सेटिनसारखी वनस्पतीजन्य अँटिऑक्सिडंट संयुगं हेच काम पेशी नसतानाही करतात! रंग गडद आला की पेशी वाचल्या असं वाटतं. त्यामुळे पेशींविना नुसता मीडिया (पेशी वाढवायचं द्रव) आणि संयुग असलेल्या वेल्स, म्हणजे प्लेटमधले खळगे, हव्यातच. हळदीतलं करक्युमिन स्वतः पिवळं आहे, शिवाय फ्लुरोसन्सही देतं; पेशींतला ऑक्सिडेटिव्ह ताण फ्लुरोसन्सवरून दाखवणाऱ्या डीसीएफडीएचं रीडिंगही तसंच पारखून घ्या.

दुसरा सापळा पेशींना ताण देण्यासाठी वापरायच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा. तो आणि अँटिऑक्सिडंट एकाच वेळी वेलमध्ये असले, तर दोघांची गाठ मीडियातच पडते आणि पेशीपर्यंत ताण नीट पोचतच नाही. संयुग आधी द्या, काही तासांनी मीडिया काढून पीबीएसने (मिठाचं बफर द्रावण) धुवा, मग पेरॉक्साइड घाला. मीडियाच्या बाटलीवर सोडियम पायरुव्हेट लिहिलंय का तेही बघा, कारण पायरुव्हेट पेरॉक्साइड संपवून टाकतं. एकाच लॅबमधल्या दोघांचे आकडे जुळत नाहीत, तेव्हा मी आधी बाटल्या बघते. उलटही घडतं: काही पॉलिफेनॉल मीडियात स्वतःच पेरॉक्साइड तयार करतात.

धुतल्यावरही पेशी तगल्या, तर मात्र शोध सुरू झाला म्हणा. पेशीची संरक्षक जनुकं चालू करणारं एनआरएफ-२ हे प्रथिन केंद्रकात गेलं का, त्यामुळे एचओ-१ आणि एनक्यूओ-१ ही संरक्षक एन्झाइम्स वाढली का, हे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं ओळखायची चाचणी) बघायचं. एनआरएफ-२ बंद केल्यावर संरक्षणही गेलं, तर व्हायव्हात ठामपणे बोलता येतं.

डोस लिहिताना रक्तातली पातळी डोळ्यांसमोर ठेवा. प्लेटमध्ये आपण करक्युमिन १०-२० मायक्रोमोलर सहज टाकतो. पोटातून घेतलेलं रक्तात त्याच्या जवळपासही पोचत नाही. एनआरएफ-२ जागं करणारं बार्डोक्सोलोन हे औषध मधुमेहामुळे किडनी बिघडलेल्या रुग्णांवर तपासलं जात होतं; हार्ट फेल्युअरचं प्रमाण वाढल्याने ती मोठी चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली. चर्चेच्या प्रकरणात हे जरूर लिहा.

विषय कळला की नातेवाईक विचारतात, ‘मग बाबांना हळदीच्या कॅप्सूल सुरू करू का?’ हळदीत ऑक्सलेट असतं आणि सप्लिमेंट दीर्घकाळ घेतल्यावर किडनीत ऑक्सलेटचे स्फटिक साचल्याची नोंद आहे. त्यांना नेफ्रॉलॉजिस्टकडे पाठवा, आपल्या प्लेटचा निकाल सांगू नका.