मधातले आवळे: झाकण घट्ट लावू नका

चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये एका रात्री स्वयंपाकघरात फट्ट असा आवाज झाला. मांजर असेल म्हणून उठले नाही. सकाळी बघते तर मधाच्या बरणीचं झाकण वाकडं, आणि मध फेसाळून खालच्या ज्वारीच्या डब्यावर उतरलेला. आत्याबाई म्हणाल्या, "साखरंचं पाणी असंल गं. मध कुठं उतू जातो का?"

पण मध आमच्याच पेट्यांचा होता. रेणापूरच्या बाजूला आमच्या बांधावर मेलिफेरा या पाळीव मधमाश्यांच्या बारा पेट्या आहेत आणि तो मध सूर्यफुलाचा. हा मध थंडीत लवकर रवाळतो. लोक त्याला भेसळ समजतात, पण ते ग्लुकोजचे रवे असतात. रवा खाली बसला की वर पातळ मध राहतो आणि त्यात पाणी जास्त असतं. मधात यीस्ट, म्हणजे आंबवणारी सूक्ष्म बुरशी, मुळातच असतं. पाणी १७ टक्क्यांच्या आत असलं तर ते निजून राहतं, २० च्या वर गेलं की जागं होऊन मध आंबवतं आणि वायू सुटतो. त्यात कुणीतरी ओला चमचा घातलेला. (कुणी ते मला माहीत आहे.)

म्हणजे सगळा खेळ पाण्याचा. याच मधात तिप्पट पाणी आणि यीस्ट घालून महिना-दोन महिने ठेवलं की मीड होते, मधाची दारू. आपलं 'मधु' आणि इंग्रजीतलं 'मीड' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. पण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं परवान्याशिवाय दारू गाळणं-बनवणं गुन्हा आहे, त्यामुळं त्या वाटेला मी गेले नाही. मला ते आंबणं हवं होतं, फक्त बेतानं. मग पाणी वरून न घालता आवळ्याचंच वापरायचं ठरवलं.

करायची वेळ कार्तिक ते पौष. आवळी नवमीनंतर लातूरच्या बाजारात टपोरे आवळे येतात आणि रात्री गार असतात. मी एकदा एप्रिलमध्ये करून पाहिलं. बाहेर ४१ अंश, दोनच दिवसांत बरणी धबाधबा उसळली आणि चव जळजळीत आंबट झाली. सगळं फेकलं.

अर्धा किलो आवळ्याला साधारण पाऊण किलो मध लागतो. मध कच्चा हवा, तापवलेला नको. तापवलेल्या मधातलं यीस्ट मेलेलं असतं, मग नुसता पाक होतो, महिनाभर एक बुडबुडा दिसत नाही. उलट आग्या किंवा सातेरी माशीचा मध मिळाला तर फारच बरं, कारण तो मुळातच पातळ असतो. माझ्या मालकांनी हौसेनं शेजारच्या ऊसवाल्याकडून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायचं यंत्र आणलं होतं. ते ३२ पर्यंतच दाखवतं आणि मधाचा आकडा ८० च्या घरात. काचेत नुसतं पांढरं दिसलं. यंत्र परत गेलं.

आवळे धुऊन सुती कापडावर पसरा. देठाच्या खळगीत पाणी राहतं, ती आवर्जून कोरडी करा. वर पाणी राहिलं तर तिथंच बुरशी धरते. मग प्रत्येक आवळ्याला स्टीलच्या काट्यानं सात-आठ टोचे मारा, बीपर्यंत जाऊ द्या. लोखंडी विळी-सुरी वापरू नका, आवळा काळा पडतो. बरणी काचेची किंवा चिनी मातीची, दोन लिटरची. भरायची पाऊणच, वरची जागा फेसाला. आवळे घाला, बुडतील इतका मध ओता, झाकण नुसतं ठेवा किंवा दादरा बांधा.

पहिल्या दिवशी काही होत नाही, आवळे वर तरंगतात. दुसऱ्या दिवशी बरणी तिरकी केली की मध पाण्यासारखा हलतो. मध आवळ्यातलं पाणी ओढून घेतो, म्हणून. चौथ्या-पाचव्या दिवशी कान लावून ऐका. बारीक सर्रर्र आवाज येतो, सोडा ओतल्यावर मागं राहतो तसा. प्रत्येक टोच्यातून एकेक बुडबुडा निघत असतो. आता रोज सकाळी कोरड्या चमच्यानं खालवर करायचं, कारण वर राहिलेला आवळा कोरडा पडला की त्यावर पांढरं येतं. झाकण फिरवून घट्ट केलंत तर माझ्यासारखं होईल, किंवा बरणीच फुटेल. खाली ताट ठेवा, मुंग्या येतातच.

हे दोन-तीन आठवडे चालतं, मग थंडावतं. आवळे सुरकुतून तपकिरी होतात आणि एकेक करत बुडतात. सगळे बुडाले की झालं असं मी धरते. खायला तेव्हापासून चालतात, पण दोन महिने थांबलात तर तुरटपणा जातो.

वास वाईनसारखा, फळाचा आला तर ठीक. शिरक्यासारखा आंबट आला तर कोशिंबिरीत वापरा. नेलपॉलिशसारखा आला किंवा हिरवी-काळी बुरशी दिसली तर बरणीसकट फेकून द्या, वरचा थर काढून खाली चांगलं असेल असं म्हणू नका. यात किंचित अल्कोहोल असतंच, तेव्हा माळकरी पाहुण्यांना आधी सांगा. आणि वर्षाच्या आतल्या लेकराला मध चाटवूच नका, हा काय किंवा कुठलाही.

चैत्र लागला की मी बरणी फ्रीजमध्ये ठेवते. वरच्या कप्प्यात ठेवली होती, आत्याबाईंचा हात पोचत नाही म्हणून. परवा पाहिलं तर बरणी खालच्या कप्प्यात, आणि आवळे मोजून सहा कमी.