आयएस कोड शोधताना या चुका टाळा

आयएस कोड म्हणजे भारतीय मानक (इंडियन स्टँडर्ड). पण इमारतींच्या डिझाइन ऑफिसमध्ये 'कोड' म्हणजे बऱ्याचदा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ, नाहीतर सर्व्हरवरच्या फोल्डरमधली फाइल. ती कोणी टाकली, कधी टाकली, कुणालाच सांगता येत नाही. घोळ इथूनच सुरू होतो.

सगळ्यात महागात पडते ती आवृत्ती न बघता आकडा उचलण्याची सवय. आरसीसी इमारत भूकंपात टिकावी म्हणून मापं आणि सळयांचे नियम देणारा आयएस 13920 घ्या. 1993 च्या आवृत्तीत कॉलमची किमान बाजू 200 मिमी होती. बीमचा स्पॅन 5 मीटरपेक्षा किंवा कॉलमची आधाराविना लांबी 4 मीटरपेक्षा जास्त असेल, तरच 300. म्हणजे नऊ इंची भिंतीत बसणारा, आपल्याकडचा नेहमीचा 230 चा कॉलम लहान स्पॅनला चालून जायचा. 2016 च्या आवृत्तीत किमान 300 मिमी आली. शिवाय कॉलमला जिथे बीम मिळतो त्या जॉइंटमधल्या बीमच्या सर्वांत जाड सळईच्या व्यासाची 20 पट. 20 मिमीची सळई असेल तर थेट 400. भूकंपाचे झोन ठरवणाऱ्या आयएस 1893 च्या 2016 आवृत्तीत मुंबई-पुणे झोन 3 मध्ये (मध्यम धोका) आहेत, त्यामुळे 'आमच्याकडे कुठे भूकंप होतो' म्हणून हे बाजूला ठेवता येत नाही. हा फरक प्रूफ चेकिंगमध्ये (दुसऱ्या इंजिनिअरच्या तपासणीत) सापडला तर आर्किटेक्टचा अख्खा प्लॅन हलतो. न सापडला, तर त्याहून वाईट.

मुखपृष्ठावरचा 'रीअफर्म्ड'चा शिक्का बघून कोड ताजा आहे असं समजू नका. त्या वर्षी समितीने मजकूर आहे तसा कायम ठेवला, एवढाच त्याचा अर्थ. मधल्या अमेंडमेंट (दुरुस्त्या) वेगळ्या पानांवर निघतात आणि फिरत्या पीडीएफमध्ये नेमकी तीच पानं गायब असतात. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) पोर्टलवर नोंदणी केली की भारतीय मानकं मोफत उतरवता येतात. मग जुनी प्रत जपायची कशाला?

एसपी 16 या आरसीसी डिझाइनच्या तक्त्यांच्या पुस्तकाबाबतही सांभाळा. तक्ते अजून सगळ्यांच्या टेबलावर आहेत आणि उपयोगीही आहेत, पण ते 1980 चे, काँक्रीटचा मुख्य कोड असलेल्या आयएस 456 च्या 1978 आवृत्तीवर बेतलेले. त्यात एम15 या काँक्रीटच्या ग्रेडचे तक्ते दिसतात. 2000 च्या आवृत्तीत आरसीसीला एम20 पेक्षा खालची ग्रेड चालत नाही.

चॅटबॉटने दिलेला क्लॉज (कलम) नंबर मूळ कोड उघडून पाहिल्याशिवाय कॅल्क्युलेशनमध्ये घेऊ नका. नंबर खरा आणि मजकूर भलताच, असं सर्रास होतं.

आणि ग्रंथपालांना विचारायला लाजू नका. फक्त 'भूकंपाचं काहीतरी द्या' असं नको. 'चार मजली आरसीसी इमारत, झोन 3, कॉलम-बीम जॉइंटचं डिटेलिंग, सध्या लागू असलेला कोड आणि त्यावरचे शोधनिबंध' असं सांगितलं की ते नेमकं काढून देतात. जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे सरकारी उच्च शिक्षण संस्थांना मोठ्या प्रकाशकांची जर्नल्स मिळतात. खासगी फर्मच्या इंजिनिअरला हे लॉगिन नाही. पण आपल्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात माजी विद्यार्थ्यांना किंवा बाहेरच्यांना तिथे बसून वाचता येतं का, हे एकदा विचारून घ्या.

कॅल्क्युलेशन शीटवर नुसतं 'आयएस 13920 प्रमाणे' लिहू नका. कोडचं वर्ष, अमेंडमेंट क्रमांक आणि क्लॉज, तिन्ही लिहा. तपासणाऱ्याला तेच पान उघडता आलं पाहिजे.