प्रवास आणि शर्यत या दोन्हींसाठी एकच स्वस्त कायाक घेताना या चुका टाळा

कोकणातल्या खाड्यांत आणि घाटमाथ्यावरच्या जलाशयांत मी बरीच वर्षे कायाक वल्हवतो आहे. पाऊस संपला की दर हंगामात नवे लोक भेटतात. त्यांना दोन दिवसांचा प्रवासही करायचा असतो, एखादी दहा-पंधरा किलोमीटरची शर्यतही करायची असते आणि खिशात पैसे एकाच कायाकपुरते असतात. ही अपेक्षा मुळीच चुकीची नाही. साधारण पंधरा ते सोळा फूट लांब, ५४ ते ५७ सेंटिमीटर रुंद आणि पुढे-मागे हवाबंद कप्पे असलेली कायाक ही दोन्ही कामे चांगली करते. तरीही लोक ती सोडून भलतेच काही घेऊन येतात आणि वर्षभरात पाण्यावर येणेच सोडून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शर्यतीच्या ओढीने मिळेल ती अरुंद कायाक उचलणे. क्लबांच्या जुन्या के-वन, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या शर्यतीच्या कायाक, कधी कधी फार कमी किमतीत निघतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्प्रिंटच्या, म्हणजे शांत पाण्यावरच्या कमी अंतराच्या शर्यतीच्या, के-वनची लांबी ५.२० मीटरपर्यंत असू शकते आणि तिचे वजन किमान १२ किलो असावे लागते. एवढी हलकी, सुबक होडी इतक्या कमी पैशांत मिळते म्हटल्यावर नवशिक्याचा तोल जमिनीवरच जातो. माझ्या एका तरुण सोबत्याने अशीच एक घेतली. रुंदी जेमतेम ४२ सेंटिमीटर होती. शांत जलाशयावर महिनाभर सराव केल्यावर ती त्याला जमली असे त्यालाही वाटले आणि मलाही. फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही जयगडहून भरतीबरोबर खाडीत आत निघालो, तेव्हा पाणी आरशासारखे होते आणि बारा किलोमीटरभर तो सतत माझ्या पुढे राहिला. माझी कायाक पंधरा फुटांची, ५६ सेंटिमीटर रुंद, जुनी फायबरची होती.

परतताना ओहोटी लागली होती आणि साडेअकराच्या सुमारास समोरून पश्चिमेचा वारा उठला. खाडीत पाणी बाहेर जात असताना वारा समोरून आला की लाटा उंच होण्याआधी आखूड आणि उभ्या होतात, आणि अरुंद होडीला नेमक्या त्याच सोसत नाहीत. तवसाळचा किनारा दिसू लागला तोच तो पालथा झाला. स्प्रिंटच्या होडीत आडव्या भिंती नसतात, त्यामुळे ती टोकापासून टोकापर्यंत पाण्याने भरली आणि तिची फक्त कड पाण्यावर राहिली. तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, माझ्या कायाकवर चढवून पाणी ओतण्याचा प्रयत्न मी तीनदा केला, पण भरलेली होडी दोघांना मिळूनही उचलेना. शेवटी ती ओढत कांदळवनाच्या कडेला नेली, गुडघाभर चिखलात उभे राहून रिकामी केली, आणि पुन्हा निघाल्यावर दहा मिनिटांत तो परत पाण्यात पडला. त्याच्या अंगात लाइफ जॅकेट होते म्हणून मी निश्चिंत होतो, पण त्याचे दात वाजू लागले होते. एका मच्छीमाराने आम्हाला पाहिले, होडी दोरीने मागे बांधली आणि धक्क्यापर्यंत आणून सोडले. सकाळी सव्वा तासात कापलेल्या अंतराला परतताना पाच तास लागले.

तोल सांभाळण्यात वल्ह्याचा निम्मा जोर खर्च होत असेल, तर अरुंद होडीचा वेग कागदावरच राहतो. दोन तासांनंतर, दमलेल्या अंगाने आणि वाऱ्यात जो वेग टिकतो, तोच शर्यतीतही कामाला येतो आणि प्रवासातही. म्हणून मी एकच परीक्षा घेतो. पाण्यावर कायाकमध्ये बसून वल्हे मांडीवर आडवे ठेवावे, केळे काढावे, ते दोन्ही हातांनी सोलून सावकाश खावे आणि मग दोन्ही खांद्यांवरून मागे वळून पाहावे. यात कुठेही श्वास रोखावा लागला, तर ती कायाक आज आपल्यासाठी नाही. दोन वर्षांच्या सरावानंतर कदाचित असेल. ही दोन वर्षे टाळणारी पळवाट मला अजून कोणी दाखवलेली नाही.

उलट टोकाची चूक म्हणजे किनाऱ्यावर पर्यटकांना भाड्याने देतात तशी नऊ-दहा फुटी, पसरट, वर बसायची कायाक घेऊन तिच्यावर शर्यतीची स्वप्ने पाहणे. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत मोजून तिच्या वर्गमूळाला १.३४ ने गुणले, की होडीचा वेग कुठे अडखळू लागतो त्याचा अंदाज नॉटमध्ये मिळतो; एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. नऊ फुटांना तो ताशी सुमारे साडेसात किलोमीटर येतो, पंधरा फुटांना साडेनऊच्या थोडा पुढे. मात्र एवढे कळल्यावर अठरा फुटी घेणे हीसुद्धा चूकच, कारण लांबीबरोबर पाण्याला घासणारा पृष्ठभाग वाढतो आणि ताशी सहा-सात किलोमीटरने जाणाऱ्या सामान्य माणसाला त्या लांबीचा फायदा मिळण्याऐवजी घर्षणच वाट्याला येते.

सगळे पैसे होडीत घालून वल्हे उरल्यासुरल्यात घेणे, ही दुसरी गोष्ट मला खरोखर सहन होत नाही. मिनिटाला साठ फटके धरले तर तीन तासांत १०,८०० फटके होतात. अॅल्युमिनियमच्या दांडीचे जड वल्हे चांगल्या वल्ह्यापेक्षा तीनशे ग्रॅमने जास्त असेल, तर त्या तीन तासांत आपण सव्वातीन टन जास्तीचे वजन उचललेले असते, तेही खांद्यांनी. माझा रिवाज असा की शंभरातले पंचवीस रुपये वल्ह्यासाठी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यांत होडी शोधायची. त्याच पैशांतून फूटरेस्टही, म्हणजे पाय रोवायचा आधार, पक्का करून घ्यावा, कारण जोर पायांतून येतो आणि डगमगत्या फूटरेस्टवर तो वाया जातो.

सुकाणू वळण्यासाठी असते, हा समज सोडावा. आडव्या वाऱ्यात दिशा टिकवणे हे त्याचे मुख्य काम आहे.

हवा भरायची कायाक प्रवासाला चालेल, शर्यतीला नाही.

प्लास्टिक की फायबर या प्रश्नावर घाईने निर्णय घेऊ नये. प्लास्टिकची कायाक जांभ्या दगडावर आपटली तरी बहुधा तगते, पण ती जड असते, एप्रिलच्या उन्हात गाडीच्या कॅरियरवर पट्टे आवळून ठेवली तर तिच्या तळाला खळगे पडतात, आणि चीर गेली तर तिच्यावर फायबरच्या दुरुस्तीला वापरतात ते रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव, धरत नाही. फायबरची कायाक ठोक्याला नाजूक असली, तरी मच्छीमारांच्या होड्याही आता फायबरच्या असल्यामुळे कोकणातल्या मोठ्या बंदरांवर मॅट (काचतंतूंचे कापड) आणि रेझिनचे काम जाणणारा कारागीर सापडतो. म्हणून कमी पैशांत जुनी फायबरचीच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

जुनी कायाक फोटो पाहून कधीही घेऊ नये. बैठकीखालचा आणि टाचा टेकतात तिथला तळ अंगठ्याने दाबून पाहावा; तो आत दबला तर तिथले थर सुटत आलेले असतात. मग नाण्याने सगळा तळ हलके वाजवत जावे, आणि आवाज टणक असतानाच मध्येच कुठे बोदा झाला तर त्या जागी खडूने खूण करावी. हवाबंद कप्प्यात अर्धी बादली पाणी ओतून, झाकण लावून, होडी हळूहळू दोन्ही टोकांकडे कलती करून कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या जागेच्या, बाजूने पाझर येतो का ते पाहावे. विक्रेता एवढा वेळ द्यायला तयार नसेल, तर मी बादली उचलून परत निघतो.